तिच्या मापाचा प्रकाश

माझ्या मामाला स्टुडिओत सगळे ढगोबा म्हणत. बाहेरचं चित्रीकरण असलं की गळ्यात दोरीने अडकवलेली काळी काच डोळ्याला लावून तो आभाळाकडे बघत बसायचा, आणि हवा तसा ढग सूर्याच्या आड येईपर्यंत कॅमेरा सुरू करू द्यायचा नाही. नट वैतागायचे, घोडे खिंकाळायचे, दिग्दर्शक येरझाऱ्या घालायचे, पण मामा ढिम्म. "आभाळ काय तुझ्या बापाचा नोकर आहे का?" असं दिग्दर्शक एकदा ओरडले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "नाही ना. म्हणून तर थांबलोय."

तो कृष्णधवल सिनेमांचा छायाचित्रकार. बावीस वर्षांत त्याने तिसाच्या वर सिनेमे केले. मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले आणि आई मला घेऊन आपल्या या धाकट्या भावाकडे राहायला आली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या होत्या. मामाने लग्न केलेलं नव्हतं. त्याच्या खोलीत एक खाट, एक टेबल, आणि खिडकीला तीन वेगवेगळ्या जाडीचे पडदे. दिवसाच्या कुठल्या वेळी कुठला पडदा सोडायचा याचे त्याचे नियम होते, आणि आई ते रोज मोडायची.

त्याच्याबरोबर राहून मला लहानपणीच एक खोड लागली. कुठलाही रंग दिसला की तो फिल्मवर कसा येईल ते आधी मनात यायचं. मी लाल फ्रॉक घालून शाळेला निघाले की मामा म्हणायचा, "काळा चांगला दिसतो तुला." लाल काय नि गडद हिरवा काय, त्याच्या फिल्मला दोन्ही सारखेच. पहिल्यांदा सेटवर गेले तेव्हा तर मी रडकुंडीला आले होते. पडद्यावर संगमरवरी दिसलेला राजवाडा प्रत्यक्षात शेवाळी आणि मळकट गुलाबी होता, आणि राजकन्येचे ओठ चक्क तपकिरी. मामाने आपली काच माझ्या डोळ्यासमोर धरली. काचेतून संगमरवर दिसला.

टेलरबाईशी त्याची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं पांढऱ्या शर्टावरून.

पांढरा शर्ट हा छायाचित्रकाराचा वैरी. दिव्यांखाली तो असा पेटतो की त्याच्यावरचा चेहरा काळवंडून जातो. म्हणून नायकाचे शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून जरा मळकट करून घ्यायचे. हे काम कपडेखात्याचं. त्या खात्यात नवीन आलेल्या बाईने पाठवलेला शर्ट मामाने काचेतून बघितला आणि परत पाठवला. दुसऱ्यांदाही परत पाठवला. तिसऱ्यांदा ती स्वतःच शर्ट हातात घेऊन सेटवर आली.

"साहेब, अजून किती बुडवू? नायक लग्नाला चाललाय की कोळशाच्या खाणीत?"

सगळा सेट हसला. मामा हसला नाही. त्याने गळ्यातली काच काढून तिच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

तिने शर्ट बघितला, नायकाचा चेहरा बघितला, परत शर्ट बघितला. मग काच त्याच्या हातात ठेवत म्हणाली, "चार मिनिटं अजून," आणि निघून गेली. त्यानंतर तिने पाठवलेला एकही शर्ट परत गेला नाही.

ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. उंच, रुंद कपाळाची, बोलायला खणखणीत. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं तीच करायची आणि ते आवरून स्टुडिओत यायची. नाव कुणी घेत नसे. टेलरबाई म्हटलं की झालं.

एका दृश्याचे दिवे लावायला कधी कधी तास लागतो, आणि तेवढा वेळ कुणाला तरी नटीच्या जागी उभं राहावं लागतं, म्हणजे सावली कुठे पडते ते कळतं. आमची नायिका त्या काळची फार मोठी नटी. तासभर दिव्याखाली उभं राहून तिचा सगळा मेकअप ओघळायचा आणि त्याबरोबर मूडही. तिच्या उंचीची बाई स्टुडिओत एकच होती. "टेलरबाई, जरा उभ्या राहता का?" असं दिग्दर्शकांनी एके दिवशी विचारलं, आणि ते 'जरा' पुढे आठ वर्षं चाललं.

आठ वर्षं ती नायिकेसाठी जमिनीवर केलेल्या खुणेवर उभी राहिली. मामा शिडीवर चढून एकेक दिवा फिरवायचा, खाली उतरून उजेड अडवायला तिच्या तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, तो कातरायचा, परत धरायचा. सगळं जमून आलं की म्हणायचा, "झालं," आणि ती बाजूला व्हायची, नायिका यायची, आणि कॅमेरा सुरू व्हायचा. त्यांचं जे काय बोलणं व्हायचं ते त्या आधीच्या तासाभरात. मी शाळेला सुट्टी असली की एका खोक्यावर बसून ते ऐकायची.

"डावीकडे बघा. एवढं नाही. हं."

"मान अवघडली."

"अजून दोन मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. तेवढ्यात एक अख्खी बाही शिवून होते."

"मग शिवा."

आणि ती खरंच उभ्या उभ्या खिशातून सुई काढून बटण लावायला घ्यायची. मामा ओरडायचा, "हात खाली! हाताची सावली पडतेय!" दिवेवाले गालातल्या गालात हसायचे. सेटवर ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं. मामाचे दिवे दुसऱ्या कुणासाठी इतका वेळ घेत नसत.

आई तर एकदाच स्टुडिओत आली होती, मामाचा विसरलेला डबा द्यायला. घरी परतल्यावर तिने मला विचारलं, "ती उंच बाई कोण गं?" मी सांगितलं. त्या संध्याकाळी मामा जेवायला बसला तेव्हा आईने सरळ विषय काढला.

"विचारलंस का तिला?"

"कुणाला?"

"माझ्याशी वेड पांघरू नकोस."

मामाने ताटातून मान वर केली नाही. "तिचे वडील आहेत, ताई. तिला कुठे वेळ आहे?"

"वेळ तिला नाही की तोंड तुला नाही?"

सातव्या वर्षी टेलरबाईचे वडील गेले. दहा दिवसांनी ती कामावर आली, खुणेवर उभी राहिली, आणि मामाने नेहमीसारखे दिवे लावले. आता काही आडकाठी उरली नव्हती. आई वाट बघत होती, स्टुडिओ वाट बघत होता, आणि मला आता वाटतं, तीही बघत होती. मामा म्हणायचा, "बघू." त्याचं सगळं आयुष्य बघण्यात चाललं होतं, त्यामुळे या शब्दाचा अर्थ लावणं अवघड होतं.

याच्या पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मामाने मला ते फार उशिरा सांगितलं, एका बसच्या प्रवासात. पण सांगितलं तेव्हा एकही तपशील गाळला नाही.

एकदा दिवे लावून झाल्यावर ती बाजूला होता होता म्हणाली, "साहेब, आठ वर्षं झाली. मी या उजेडात कशी दिसते ते मी कधी बघितलंच नाही."

मामा म्हणाला, "दाखवतो."

दाखवायला त्याने चार महिने लावले. रिळाच्या शेवटी थोडी फिल्म उरते. तसा बरा, अर्ध्या मिनिटाचा तुकडा हाती लागेपर्यंत तो थांबला. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, त्याने तिला रिकाम्या सेटवर बोलावलं. सेट एका डॉक्टरच्या बैठकीचा होता. तिने अंगावरचा कामाचा झगा तसाच ठेवला होता, गळ्यात मापाची टेप. टेप काढू का म्हणून तिने विचारलं. मामा म्हणाला, राहू दे.

"कुठे बघू?"

"लेन्सकडे."

तिने लेन्सकडे बघितलं. क्षणभरच. मग तिची नजर लेन्सवरून किंचित डावीकडे सरकली. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला मामा उभा होता. उरलेला सगळा वेळ ती तिथेच बघत राहिली, आणि मामाने तिला नजर सरळ करायला सांगितलं नाही.

फिल्म धुऊन आली. स्टुडिओच्या छोट्या प्रोजेक्शनच्या खोलीत त्याने ती तिला दाखवायला लावली. तिच्या खुर्चीच्या मागे तो उभा होता. पडद्यावर तिचा चेहरा आला. संपल्यावर खोलीत फक्त पंख्याचा आवाज. तेवढ्यात मागून दिग्दर्शकांचा आवाज आला, "परत लाव." ते कधी येऊन दारात उभे राहिले ते कुणालाच कळलं नव्हतं.

तीन वेळा त्यांनी ते अर्धं मिनिट बघितलं. मग म्हणाले, "ढगोबा, आठ वर्षं तू हे माझ्यापासून लपवून ठेवलंस होय?"

दिग्दर्शकांचा एक मित्र दूरच्या मोठ्या शहरात सिनेमे काढायचा. त्याला नवा चेहरा हवा होता. तो तुकडा डब्यात बंद होऊन त्याच्याकडे गेला आणि पंधरा दिवसांत बोलावणं आलं. तुकडा मात्र परत आला नाही. कुणीतरी कुठेतरी ठेवला असेल, नाहीतर फेकला असेल. मामाने तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

बोलावणं आलं तेव्हा ती कपडेखात्यात होती. मामा तिथे काही कारण काढून गेला. मोठ्या पातेल्यात चहाचं पाणी उकळत होतं आणि बाजूला शर्ट वाळत घातलेले होते. तिने शिवणयंत्र थांबवलं.

"तुम्ही काय म्हणता? जाऊ?"

मामाने सांगितलं ते असं: त्याला त्या क्षणी दोन उत्तरं येत होती, आणि त्यातलं एक त्याला स्वार्थी वाटलं. म्हणून त्याने दुसरं दिलं.

"कॅमेऱ्याला तुमचा चेहरा आवडतो. असं फार कमी लोकांच्या वाट्याला येतं. जा."

"कॅमेऱ्याचं कळलं," ती म्हणाली, आणि थांबली.

मामा वाळणाऱ्या शर्टांकडे बघत राहिला. ती बराच वेळ थांबली होती, असं तो म्हणाला. किती वेळ ते त्याला सांगता येईना. मग तिने हातातलं कापड घडी केलं. "बरं," म्हणाली, आणि यंत्र परत सुरू केलं.

ती गेली त्या दिवशी नदीकाठी चित्रीकरण होतं. ऊन कडक होतं, आभाळात एका बाजूने ढग सरकत येत होते. मामाने वर बघितलंच नाही. म्हणाला, "घ्या." दिग्दर्शकांनी त्याच्याकडे बघितलं आणि कॅमेरा सुरू केला. त्या सिनेमातलं ते दृश्य आजही बघा, त्यात सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आहेत.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. त्यानंतर मामाबरोबर सिनेमाला जाणं हे माझं काम झालं. तिचा कुठलाही सिनेमा लागला की बुधवारी दुपारी आम्ही जायचो, कारण बुधवारी दुपारी थिएटर रिकामं असायचं. पहिल्या सिनेमात ती नायिकेची मैत्रीण होती, दोन दृश्यांपुरती. मामा खुर्चीत चुळबुळत होता. "समोरून मारलाय सगळा उजेड. दुधाच्या पातेल्यासारखं तोंड करून ठेवलंय. आणि डोळ्यांत? डोळ्यांत दिवाच घातला नाही! आंधळी आहे का ती?" पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून शुक् केलं.

दुसऱ्या सिनेमात तिला एक गाणं होतं. त्यात तिच्या नाकाची सावली ओठावर पडत होती. मामा गाणं संपेपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "एवढासा पुठ्ठा. एवढासा धरला असता तरी भागलं असतं." आणि हाताने आकार दाखवला. रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत होते.

तिसरा सिनेमा एका इस्पितळाचा होता. त्यात ती परिचारिका होती, आणि तिच्यासारख्या आणखी नऊजणी. एका दृश्यात या सगळ्या लांब व्हरांड्यात उभ्या आहेत, समोरून नायकाला स्ट्रेचरवरून नेतात. व्हरांड्यात उंच खिडक्यांमधून उजेडाचे पट्टे पडलेले. ती दोन पट्ट्यांच्या मध्ये, अंधारात उभी होती. स्ट्रेचर जवळ आलं तशी ती बघायला म्हणून अर्धं पाऊल पुढे आली. फक्त अर्धं. आणि उजेड नेमका तिच्या गालावर आणि डोळ्यात आला. बाकीच्या नऊजणी तशाच राहिल्या, पुसट. तिचा चेहरा दोन सेकंद असा काही दिसला की थिएटरमधले पंधरा-वीस लोक एकदम गप्प झाले.

मामाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी वळ उमटला होता.

"बघितलंस? तिने शोधला. कुणी सांगितलं नाही तिला, तिने स्वतः शोधला. आठ वर्षं उभी होती ना, तिला ठाऊक आहे कुठे पडतो ते."

तो सिनेमा आमच्याकडे तीन आठवडे चालला. मामाने तो अकरा वेळा बघितला. व्हरांड्याच्या दृश्याआधी दोन मिनिटं तो जाऊन बसायचा आणि ते झालं की उठायचा. तिकीट फाडणाऱ्याला वाटायचं याचं पोट बिघडलंय.

त्याने तिला पत्र लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काय लिहू? छान दिसलात? तो माझा धंदा आहे, त्याला पत्र कशाला?" चौथ्या सिनेमानंतर तिचं नाव कुठे दिसेनासं झालं. तिने लग्न केलं असं कुणीतरी म्हणालं. आईने ही बातमी मामाला सांगितली तेव्हा तो खिडकीचा पडदा बदलत होता. "चांगलं झालं," म्हणाला, आणि चुकीचा पडदा सोडून बसला.

मग रंगीत सिनेमा आला. मामाने एक करून बघितला. "लाल ऐकतच नाही," तो घरी येऊन म्हणायचा. "मी चेहऱ्यावर सगळं काम करतो आणि मागे कोपऱ्यातली एक लाल बादली सगळ्यांचं लक्ष घेऊन जाते." दुसऱ्या सिनेमासाठी त्याला कुणी बोलावलं नाही. पन्नाशीत तो एका फोटो स्टुडिओत लागला. ओळखपत्राचे फोटो काढायचे, बस. पण मामाच तो. बँकेतल्या कारकुनाला पाऊण तास बसवून ठेवायचा. एकदा सरकारी कचेरीतून चार फोटो परत आले, सोबत शेरा: अर्जदाराचा अर्धा चेहरा अंधारात आहे. दुकानाचा मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, यांना नोकरी लागायचीय, खून करायचा नाहीये." तरी एकेक म्हातारी माणसं मुद्दाम त्याच्याकडे येत. मागे राहणाऱ्यांना आपण असे आठवावे, म्हणत.

तिथेच एके दिवशी आमची जुनी नायिका आली. मीही दुकानात होते. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते आणि परतताना मामाला घेऊन घरी जायचे. काठी टेकत, जाड भिंगांचा चष्मा लावून ती आत आली आणि तिने हुकूम सोडला, "ढगोबा, मला चाळीस वर्षांची कर."

"बसा. बघतो काय होतंय."

तो दिवे लावायला लागला. ती खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होती. मग हसून मला म्हणाली, "तुझ्या या मामाने माझ्यावर आठ वर्षं अन्याय केलाय. सगळा प्रकाश टेलरबाईच्या मापाचा शिवायचा आणि मला घालायचा. माझं नाक तिच्यापेक्षा लांब. प्रत्येक सिनेमात नाकाखाली मिशी असल्यासारखी सावली!"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मामाने दिव्यामागून विचारलं.

"कारण बाकी सगळं असं सुंदर दिसायचं की मिशी पत्करली." ती जरा थांबली. "माझे कपडे अजून तीच शिवते. पोस्टाने पाठवते. तीन तासांवर राहते इथून. नवरा गेला तिचा, दोन वर्षं झाली. चांगला माणूस होता."

मामाच्या हातातला पुठ्ठा खाली आला.

"पत्ता देऊ का, की अजून ढगाची वाट बघायचीय?"

मामा तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. पत्ता मिळाल्यावरही त्याने महिना काढला. शेवटी आईनेच त्याचा कोट झाडून खुंटीला टांगला आणि मला सांगितलं, "शनिवारी याला घेऊन जा. एकट्याला पाठवलं तर अर्ध्या वाटेत उतरेल." त्याच बसमध्ये त्याने मला चहाच्या पातेल्याची आणि वाळणाऱ्या शर्टांची गोष्ट सांगितली. सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता.

दुकान एका उताराच्या रस्त्यावर होतं. दारातून आत गेलं की एक लांब टेबल, त्यावर खडूने आखलेलं कापड, दोन यंत्रं, आणि बाजूला मोठी खिडकी. ती पाठमोरी, कात्री चालवत होती. केस सगळे पांढरे. दाराचा आवाज झाला तशी म्हणाली, "बसा, आलेच." मग वळली.

तिने मामाला लगेच ओळखलं. कात्री टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"साहेब," ती म्हणाली. "कोट कुणी शिवला हा? खांदे बघा कसे पडलेत."

"तयार घेतला."

"दिसतंच आहे."

मला बघून तिने चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि मग म्हणाली, "खोक्यावर बसायचीस ती तू!" तिने चहा केला. आम्ही बसलो. तिने नवऱ्याबद्दल सांगितलं. शाळेत गणित शिकवायचे, विनोद सांगताना शेवट आधीच सांगून टाकायचे. मूलबाळ नव्हतं. सिनेमाबद्दल मामानेच विचारलं.

"नाही जमलं मला," ती म्हणाली. "तिथे कुणी थांबतच नसे. उभी राहिले की लगेच 'घ्या'. मला वाटायचं, अहो, अजून काहीच बघितलं नाही तुम्ही."

मामा म्हणाला, "तो व्हरांडा. इस्पितळाचा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही बघितलात?"

"अकरा वेळा."

मी उठले आणि रस्त्यावरची दुकानं बघते म्हणून बाहेर गेले. पण दार उघडंच राहिलं होतं, आणि मी फार लांब गेले नाही, हे कबूल करायला हवं.

मामाने विचारलं. इतक्या वर्षांनी, एका दमात. "मी तेव्हा चुकीचं उत्तर दिलं. दुसरं उत्तर मला येत होतं. आता दिलं तर चालेल का?"

कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज.

"त्या दिवशी मी इतकी थांबले होते. यंत्रावर हात ठेवून. नंतर वर्षभर मला तुमचा असा राग यायचा की विचारू नका."

"यायलाच हवा."

"मग गेला तो. मग हे भेटले. मी सुखात होते, साहेब. खोटं नाही सांगणार. आणि आता एकटी आहे तर तेही मला आवडायला लागलंय. उठावंसं वाटलं की उठते, नाही वाटलं तर नाही. आता परत कुणाच्या वेळाने वागणं माझ्याच्याने होणार नाही. नको."

"बरं," मामा म्हणाला.

"पण येत जा. खरंच सांगते. तोंडदेखलं नाही. फक्त परत विचारू नका, कारण दुसऱ्यांदा नाही म्हणायला मला जड जाईल."

परतीच्या बसमध्ये मामा अर्ध्या वाटेत म्हणाला, "तिची खिडकी चांगली आहे. उत्तरेकडची. दिवसभर सारखा उजेड." मी त्याचा हात हातात घेतला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आई गेली. मामा एकाहत्तरीचा झालाय, फोटोचं काम त्याने सोडलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या बसने तो जातो आणि संध्याकाळच्या बसने परत येतो. आता एकटाच जातो. तिने त्याला नवा कोट शिवून दिलाय, तो घालून.

गेल्या महिन्यात तो निघायच्या तयारीत असताना मी विचारलं, "मामा, तू तिथे दिवसभर करतोस काय?"

"बसतो."

"आणि त्या?"

"शिवतात."

"बोलता काय?"

"कधी कधी. गिऱ्हाईक आलं की मी पेपर वाचतो. दुपारी त्या जरा पडतात, तेव्हा मी दुकान सांभाळतो. मागच्या वेळी एका बाईला मी बाहीचं माप चुकीचं लिहून दिलं, तर केवढं बोलल्या मला!" हे सांगताना तो हसत होता.

मला राहवलं नाही. "पुरतं का रे मामा तेवढं?"

तो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली, दुसऱ्या बुटाचीही झाली, तरी तो तसाच वाकून बसला होता.

"नाही," तो म्हणाला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि बस चुकेल म्हणून मला दारातून बाजूला व्हायला सांगितलं.